नव्या काळचा सांगावा

‘सांगावा’ हा मराठीतील एक जुना आणि मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. पत्र लिहिता येत नसे आणि तार परवडत नसे, त्या काळी खेड्यातील आई बाजारास निघालेल्या शेजाऱ्याजवळ चार शब्द सोपवी आणि ते शब्द लेकीच्या सासरी जाऊन पोचत. सांगावा नेणारा मनुष्य हा नुसता निरोप्या नसे. लेक कशी दिसली, निरोप ऐकून ती हसली की तिने डोळ्यांस पदर लावला, हे सारे पाहून तो परत येई व आईस सांगे. अर्थात् सांगाव्यास दोन अंगे होती, एक जाणारे व दुसरे परतणारे. आणि आईचे सारे लक्ष त्या दुसऱ्या अंगाकडेच लागलेले असे.

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकास बारामती आणि इंदापूर हे दोन तालुके एकमेकांस लागून आहेत. बारामती ही मोरोपंतांची, कऱ्हेच्या काठची. तर इंदापूरचा मुलूख नीरा आणि भीमा या दोन नद्यांच्या मधला. श्रीतुकोबारायांची पालखी दर आषाढीस बारामती, सणसर, निमगाव केतकी, इंदापूर असे मुक्काम करीत पंढरीकडे जाते. या वाटेवरील घराघरांत दिंडीतला ओळखीचा वारकरी वर्षातून एकदा यावयाचा, भाकरी खाऊन घटकाभर टेकावयाचा आणि मागील गावांची खुशाली पुढील गावांस पोचवावयाचा. आठवड्याचा बाजार आणि वर्षाची वारी ही या मुलखाची समाजमाध्यमेच होती, असे म्हणावयास हरकत नाही. आज तेच काम खिशात मावणाऱ्या फोनकडे आले आहे. वारीची वाट पाहावी लागत नाही. पाऊस पडला की नाही हे पडत्या पावसातच कळते.

परंतु फोन आला तो एकटा आला नाही. घरोघर एक वाद घेऊन आला. मुलांच्या हाती हे यंत्र द्यावे की देऊ नये? एक पक्ष म्हणतो, यामुळे मुले बिघडली, त्यांचे वाचन सुटले, खेळ सुटला, झोपही गेली. दुसरा पक्ष म्हणतो, जग पुढे जात असता आपले मूल मागे का ठेवावे? दोन्ही पक्षांच्या बोलण्यात तथ्य आहे. तथापि दोघेही यंत्राविषयी बोलत आहेत, आणि खरा प्रश्न यंत्राच्या पलीकडे असलेल्या माणसाविषयीचा आहे. मुलाने पाठविलेल्या शब्दाला उत्तर देणारे तेथे कोणी आहे की नाही, यावरच त्या माध्यमाचा लाभ अथवा हानी बव्हंशी अवलंबून असते.

समाजमाध्यम म्हणजे काय, हे प्रथम नीट समजून घेतले पाहिजे. वृत्तपत्रात व नभोवाणीवर एक बोलतो आणि अनेक ऐकतात. साध्या दूरध्वनीवर एक बोलतो आणि एकच ऐकतो. समाजमाध्यमात मात्र प्रत्येक जण बोलणाराही असतो आणि ऐकणाराही. शिवाय हे बोलणे एका वेळी पन्नास जणांत चालू शकते. या सामान्य नावाखाली दोन अगदी भिन्न वस्तू एकत्र नांदतात. एक म्हणजे ओळखीच्या माणसांचा गट. व्हॉट्सॲपवरील कुटुंबाचा किंवा शाळेतील वर्गाचा गट हा या जातीचा होय. तेथे काय यावे हे गटातील माणसे ठरवितात. दुसरी वस्तू म्हणजे न संपणारी चित्रफितींची माळ. तेथे पुढे काय दाखवावयाचे हे यंत्रातील हिशेब ठरवितो; आणि पाहणारा कोठे थांबला, काय पुन्हा पाहिले, कशाने खिळून राहिला, यांवरून तो हिशेब मांडला जातो. पाहणाऱ्याने अधिक काळ पाहत राहावे आणि त्यायोगे जाहिराती अधिक दाखविता याव्यात, हा त्यामागील व्यापार आहे. पहिल्या प्रकारास चावडी म्हणावे तर दुसरा जत्रेतील पाळणा आहे. पाळण्यात बसणे हे पाप नव्हे. पण पाळण्यात बसलेल्या मुलास चावडीवर बसल्याचे शिक्षण मिळत नाही. घरोघरीच्या वादाचे मूळ पुष्कळदा या दोहोंची गल्लत करण्यात असते.

केवळ ऐकणाऱ्यास बोलता केल्याने माध्यमाचा गुण कसा पालटतो, याचा एक प्रयोग याच जिल्ह्यात पूर्वी होऊन गेला आहे. १९५६ साली युनेस्कोच्या साहाय्याने आकाशवाणीने शेतकऱ्यांसाठी नभोवाणी मंडळांचा प्रयोग केला. तेव्हाच्या मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांतील १५० खेडी त्यासाठी निवडली होती, आणि पुणे जिल्हा त्यांपैकी एक होता. गावातील काही मंडळींनी रेडिओभोवती एकत्र बसावे, कार्यक्रम ऐकावा, लगेच त्यावर आपापसांत चर्चा करावी आणि उद्भवलेले प्रश्न केंद्राकडे लिहून पाठवावे, अशी योजना होती. त्या प्रश्नांची उत्तरे पुढील कार्यक्रमांत दिली जात. ‘ऐका, चर्चा करा, कृती करा’ असे त्या चळवळीचे सूत्र होते. असे वीस कार्यक्रम झाले. मंडळ असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात भर पडली. जेथे नुसता रेडिओ होता तेथे ती बेताचीच पडली, असे नंतरच्या पाहणीत आढळले. रेडिओ दोन्हीकडे सारखाच होता. फरक होता तो एकत्र बसण्यात, विचारण्यात आणि उत्तर मिळण्यात. १९५९ पासून ही मंडळे देशाच्या इतर भागांतही काढण्यात आली.

बारामतीस हे सूत्र आजही परके नाही. विद्या प्रतिष्ठान या शिक्षणसंस्थेची ‘वसुंधरा वाहिनी’ आणि कृषी विज्ञान केंद्राची ‘शारदा कृषी वाहिनी’ अशी दोन सामुदायिक नभोवाणी केंद्रे या एकाच तालुक्यात निघाली. अशा केंद्राचा आवाज आसपासच्या गावांपुरताच पोचतो. आणि हीच त्याची थोरवी होय. शेजारच्या वस्तीवरील मुलगी ध्वनिक्षेपकापुढे उभी राहून कविता म्हणते आणि ती तिची आजी घरी ऐकते, तेव्हा ‘आपलेही म्हणणे ऐकण्याजोगे आहे’ ही जाणीव त्या मुलीस जन्मभर पुरते. लहान वर्तुळात बोलावयास शिकलेले मूल मोठ्या वर्तुळात बावरत नाही.

या साऱ्याची खरी परीक्षा २०२० साली झाली. त्या वर्षीच्या मार्चमध्ये कोरोनाच्या साथीमुळे महाराष्ट्रातील शाळांस कुलपे लागली. शासनाच्या शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने ‘शाळा बंद पण शिक्षण आहे’ अशा नावाने रोजचा अभ्यास पालकांच्या फोनवर धाडण्यास प्रारंभ केला. वर्गशिक्षकांचे व्हॉट्सॲप गट गावोगाव तयार झाले. ज्या घरात एकच फोन होता आणि तो घेऊन वडील कामावर जात, तेथे मुलांचा अभ्यास रात्री सुरू होई. आणि भाऊ-बहीण दोघेही शिकत असली तर बहिणीची पाळी पुष्कळदा शेवटी येई. ही उणीव मोठी होती व ती झाकण्यात अर्थ नाही. तथापि त्याच काळात एक गोष्ट स्पष्ट झाली. शिक्षक जेथे नुसता दुवा पाठवून मोकळे होत, तेथे थोड्याच दिवसांत गट थंडावे. पण मुलाने वहीच्या पानाचे छायाचित्र पाठवावे आणि गुरुजींनी त्यावर ‘तिसरे उदाहरण पुन्हा करून पाहा, हातचा विसरलास’ असे लिहावे, हे जेथे घडले तेथे शाळेचे दार बंद असूनही शाळा चालू राहिली.

विदर्भात ‘प्रथम’ या संस्थेच्या साहाय्याने त्याच वर्षी नागपूर आकाशवाणीवरून ‘शाळेबाहेरची शाळा’ हा कार्यक्रम सुरू झाला. पाठाबरोबरच घरी करावयाच्या कृतींचे लघुसंदेश पालकांकडे जात, आणि मुलांचे व पालकांचे बोल आकाशवाणीवरून ऐकविले जात. ज्यांच्याकडे मोठा फोन नव्हता त्यांच्यासाठी जुना रेडिओ व साधा फोन यांची अशी सांगड घातली गेली. यावरून एवढे दिसते की, यंत्र नवे असलेच पाहिजे असे नाही. येणारी आणि जाणारी अशी दोन्ही वाटा मात्र उघड्या पाहिजेत.

इंदापुराहून भीमा ओलांडली की सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुका लागतो. त्या तालुक्यातील परितेवाडी या लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांस डिसेंबर २०२० मध्ये ‘ग्लोबल टीचर प्राइझ’ हा जागतिक पुरस्कार मिळाला, आणि दहा लक्ष डॉलरांच्या त्या रकमेपैकी निम्मी त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांस वाटून दिली, हे सर्वश्रुत आहे. पाठ्यपुस्तकात ‘क्यूआर कोड’ नावाचे ठिपक्यांचे चौकोनी चिन्ह छापून त्यावरून धडा ऐकण्याची व पाहण्याची सोय त्यांनी केली, यासाठी त्यांचे नाव घेतले जाते. पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने त्यांचा दुसरा उपक्रम अधिक मोलाचा आहे. भारत आणि पाकिस्तान, इस्रायल आणि पॅलेस्टाइन, इराण आणि इराक अशा परस्परांशी वैर असलेल्या देशांतील मुलांस त्यांनी आंतरजालावरून एकमेकांशी बोलते केले. नकाशावर ज्याचे नाव फक्त लढाईच्या बातमीत येते, त्या देशातील मुलासही गणिताचा कंटाळा येतो आणि त्याचीही आई दूध पी म्हणून मागे लागते, हे कळणे भूगोलाच्या कोणत्याही धड्याहून मोठे शिक्षण आहे. अशी ओळख पूर्वी फार थोड्या श्रीमंतांच्या मुलांस लाभत असे; आता ती खेड्यातील शाळेस लाभू शकते.

परंतु दूरच्या देशाशी जोडले जाण्याआधी मुलाची स्वतःच्या माणसांशी जोड तुटू न देणे, हे या माध्यमाचे पहिले कार्य होय. या बाबतीत बारामती-इंदापुरात एक वर्ग असा आहे की, ज्याची आठवण शहरातील सुशिक्षित घरांस क्वचितच होते. माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगर येथील साखर कारखान्यांची धुराडी दिवाळीच्या सुमारास पेटू लागली की बीड व इतर अवर्षणग्रस्त भागांतून ऊसतोड कामगारांच्या टोळ्या या मुलखात उतरतात आणि फाल्गुन-चैत्रापर्यंत फडांच्या कडेस कोपी घालून राहतात. त्यांच्याबरोबर मुले येतात. मूळ गावची शाळा मध्येच सुटते. येथल्या शाळेत ओळख नसते. धाकट्या भावंडास सांभाळावयाचे असते. साखरशाळा निघाल्या, मुलांस गावीच ठेवून घेण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली. तरी सर्वांची सोय होत नाही. जे मूल गावी आजीपाशी राहते त्याला आई अर्धे वर्ष दिसत नाही, आणि जे फडावर येते त्याला वर्ग दिसत नाही.

या घरात फोन हा चैनीचा विषय नव्हे. दिवसभर ऊस तोडून आलेली आई चुलीपुढे बसते आणि गावी राहिलेल्या लेकराचा चेहरा पडद्यावर पाहते. लेकरू आपला दात पडल्याची खिंड तिला दाखविते. फडावर आलेल्या मुलीस गावच्या गुरुजींनी पाठविलेला धडा कानांवर पडला आणि तिने वाचलेला उतारा ध्वनिमुद्रित होऊन गुरुजींकडे गेला, तर तिचे नाव हजेरीपटावर नुसते लिहिलेले न राहता कोणाच्या तरी ध्यानातही राहते. चैत्रात परतल्यावर ती वर्गात पुन्हा बसेल की कायमची शाळा सोडील, याचा निर्णय पुष्कळदा या एका धाग्यावर लोंबत असतो. फोनने साखरशाळेचे काम होत नाही, हे खरे. जेवण, वर्ग आणि शिक्षक यांची जागा तो घेऊ शकत नाही. परंतु ‘तू आमची आहेस’ हा सांगावा तो रोज पोचवू शकतो.

जोड राखण्याचे दुसरे उदाहरण पाण्याखालचे आहे. भीमेवरील उजनी धरण १९८० साली पुरे झाले आणि इंदापूर तालुक्यातील नदीकाठची गावे जलाशयात गेली. माणसे नव्या गावठाणांत विखुरली. पळसदेवचे पळसनाथाचे प्राचीन देवालय जलाशय फार आटला म्हणजे पाण्याबाहेर डोके काढते, आणि तेव्हा जुनी माणसे नातवंडांस घेऊन तेथे जातात. अशा वेळी घेतलेली छायाचित्रे विखुरलेल्या आप्तांच्या गटांतून हिंडू लागली की म्हाताऱ्यांच्या तोंडून आपला वाडा कोठे होता, पार कोठे होता, घाटाच्या पायऱ्या किती होत्या, हे बाहेर पडते. नातवाने हे आजोबांच्या आवाजात साठवून ठेवले तर गावाचा इतिहास कागदावर येण्याआधी वाचला. विचारणारे मूल आणि सांगणारा वृद्ध यांची गाठ घालून देणे, याहून समाजमाध्यमाचा उत्तम उपयोग कोणता असू शकेल?

त्याच जलाशयाच्या काठी भिगवण-कुंभारगावच्या परिसरात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात व ते पाहावयास दूरदूरचे लोक येतात. पक्ष्यांच्या नोंदी जगभरातून एकत्र करणारे ‘ई-बर्ड’ हे संकेतस्थळ अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिशास्त्र प्रयोगशाळेने २००२ साली इतरांच्या सहकार्याने सुरू केले. वडीलधाऱ्यांच्या साहाय्याने एखाद्या मुलाने तेथे तिथी, वेळ, स्थळ आणि मोजलेली संख्या नोंदविली, तर ती नोंद शास्त्रज्ञांच्या उपयोगी पडते. आणि नोंद विचित्र वाटली तर तपासणारा जाणकार उलट विचारतोही. हे उलट विचारणे मुलास फार शिकवून जाते. पाहिले ते खरेच पाहिले का, मोजले की अंदाजाने सांगितले, असा प्रश्न स्वतःस विचारण्याची सवय लागली म्हणजे फोनवर येणाऱ्या शंभर अफवांपैकी नव्वद तरी आपोआप गळून पडतात.

येथवर लाभ सांगितले. आता मर्यादा सांगणे प्राप्त आहे. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ च्या स्वातंत्र्यदिनापासून एक नियम केला. सायंकाळी सात वाजता भोंगा वाजावा आणि दीड तास गावातील दूरचित्रवाणी संच व फोन बंद असावेत. मुलांनी अभ्यास करावा, मोठ्यांनी वाचावे किंवा परस्परांशी बोलावे. या नियमात शहाणपणाची गोष्ट ही की, बंदी एकट्या मुलांवर घातली नाही. वडील मंडळी स्वतः पडद्यात मान घालून बसतात आणि मुलास ‘फोन ठेव’ म्हणतात, त्या घरात उपदेश टिकत नाही.

कायदाही जागा झाला आहे. भारतात २०२३ साली वैयक्तिक विदेच्या संरक्षणाचा कायदा संमत झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती घेण्यापूर्वी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती घ्यावी आणि मुलांच्या वर्तनावर पाळत ठेवून त्यांस जाहिराती दाखवू नयेत, असे त्यात म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले व ते टप्प्याटप्प्याने लागू करण्याचे ठरले. ऑस्ट्रेलियाने तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस मोठमोठ्या समाजमाध्यमांवर खाते ठेवण्याची मनाई केली. बहुतेक माध्यमांच्या स्वतःच्या नियमांतही तेरा वर्षांची किमान अट आहेच. म्हणून लहान मुलांचे बोलणे आईवडिलांच्या खात्यावरून, त्यांच्या शेजारी बसून व्हावे, हाच सरळ मार्ग होय. अनोळखी माणसाने छायाचित्र मागितले, घरचा पत्ता विचारला, किंवा ‘हे कोणास सांगू नकोस’ असे म्हटले, तर ते तत्काळ घरात सांगावयाचे, हे मुलास रस्ता ओलांडण्याइतके पक्के शिकविले पाहिजे. संकटात सापडलेल्या मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी क्रमांक आहे. तोही त्यास पाठ असावा. परंतु या सर्वांहून मोठे संरक्षण म्हणजे, सांगितल्यावर आपणास रागे भरणार नाहीत, हा मुलाचा विश्वास.

सुशिक्षित गृहस्थाने आपल्या घरी काय करावे, याचे उत्तर यावरून फारसे अवघड राहत नाही. मुलाने फोनवर किती मिनिटे घालविली हे मोजावेच; पण त्याबरोबर त्या मिनिटांत त्याने कोणास काय विचारले आणि त्यास काय उत्तर मिळाले, हेही विचारावे. आठवड्यातून एकदा गावच्या आजीस स्वतःच्या शब्दांत एक प्रश्न पाठवावयास सांगावे. पुरणास डाळ किती शिजवावी, दुष्काळात गुरे कोठे नेली होती, वारीत पाय दुखले तर काय करीत, असा कोणताही प्रश्न चालेल. आजीस लिहिता येत नसले तर ती बोलून उत्तर देईल. ते उत्तर मुलाने पुन्हा ऐकावे, वहीत उतरून घ्यावे व जेवताना सर्वांस वाचून दाखवावे.

असे वर्षभर चालले तर त्या वहीत पन्नास पाने भरतील. आणि पलीकडे, गावच्या ओट्यावर, एक म्हातारी संध्याकाळी फोन वाजण्याची वाट पाहू लागेल.